प्रेअरीतल्या बदकांचा अभ्यास: घरटी, खाद्य आणि स्थलांतर मोजायचं कसं

कॅनडाच्या अल्बर्टापासून सस्कॅचेवान, मॅनिटोबा, मोंटाना, दोन्ही डकोटा आणि मिनेसोटामार्गे आयोवापर्यंत सुमारे सात लाख चौरस किलोमीटरचा एक पट्टा पसरला आहे. शेवटच्या हिमयुगातल्या हिमनद्या इथून दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मागे हटल्या आणि जमिनीत लाखो खळगे सोडून गेल्या. वसंतात बर्फ वितळलं की हे खळगे भरतात. यांनाच प्रेअरी (म्हणजे गवताळ मैदान) पॉटहोल म्हणतात. उत्तर अमेरिकेतली निम्म्याहून अधिक बदकं इथे जन्मतात असा अंदाज असल्यामुळे या भागाला ‘बदकांचा कारखाना’ असं नाव पडलं.

वन्यजीवशास्त्र शिकायला तिकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच उन्हाळ्यात या भागात काम मिळण्याची शक्यता बरीच असते. कामावर घेतात ते ‘फील्ड टेक्निशियन’ म्हणून, आणि पहिल्या आठवड्यातच हातात साखळी, गमबूट आणि कोऱ्या तक्त्यांची चळत येते. त्या तक्त्यांत काय भरायचं आणि ते तसंच का भरायचं, यासाठी हा लेख आहे. तिकडे जाणार नसाल, पण बदकांची संख्या, त्यांचं खाणं आणि प्रवास याबद्दलचे आकडे येतात कुठून याचं कुतूहल असेल, तरी वाचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या शास्त्रात तुमच्या हाती येणारी प्रत्येक गोष्ट चाळणीतून आलेली असते. सापडलेलं घरटं म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत टिकलेलं घरटं. पोटात सापडलेलं बी म्हणजे अजून न पचलेलं बी. बदकाच्या पायात घातलेली आणि परत आलेली क्रमांकाची कडी म्हणजे शिकाऱ्याच्या हाती लागलेली आणि त्याने कळवण्याची तसदी घेतलेली कडी. चाळणीत काय अडकून राहिलं याचा हिशेब केला नाही, तर उन्हाळाभर चिखल तुडवून चुकीचं उत्तर घेऊन घरी याल.

आधी प्रश्न, मग गमबूट

‘बदकांचा अभ्यास’ असा प्रश्न नसतो. ‘धान्याच्या धसकटात घातलेली पिनटेलची घरटी गवतात घातलेल्या घरट्यांपेक्षा कमी टिकतात का?’ हा प्रश्न झाला. यात जात ठरली, जागा ठरली, तुलना ठरली आणि काय मोजायचं तेही ठरलं. पिनटेल म्हणजे आपलं तलवार बदक. या पट्ट्यात ते फार लवकर, एप्रिलमध्येच, गेल्या वर्षीच्या पिकाच्या धसकटात उघड्यावर अंडी घालतं. त्यानंतर शेतकरी पेरणीला उतरतो आणि घरटी नांगराखाली जातात. पिनटेलची संख्या घसरण्यामागच्या प्रमुख कारणांत हे धरलं जातं.

जात निवडली की वेळापत्रक आपोआप ठरतं. मॅलार्ड आणि पिनटेल बर्फ सुटताच येतात. गडवॉल आणि लेसर स्कॉप यांना घाई नसते, त्यांची घरटी मेअखेर आणि जूनमध्ये. ब्लू-विंग्ड टील मधल्या काळात घरटी करते आणि परत निघताना मात्र सगळ्यांच्या आधी, ऑगस्टमध्येच, दक्षिणेची वाट धरते. मेच्या मध्यावर जाऊन पिनटेल मोजायला बसलात, तर पहिली घरटी केव्हाच संपलेली असतात.

परवाने आणि शेतकऱ्याचं दार

कॅनडा आणि अमेरिका यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांबद्दल 1916 चा करार आहे, आणि दोन्हीकडचे कायदे त्यावर आधारलेले आहेत. अंड्याला हात लावणं, पक्षी पकडणं, कडी घालणं, रक्ताचा थेंब घेणं, प्रत्येकाला परवाना लागतो. कडी घालायचा परवाना वेगळा, प्रांताचा किंवा राज्याचा वेगळा, आणि विद्यापीठाच्या प्राणी-नीतिसमितीची मंजुरी त्याहून वेगळी. ही कागदपत्रं हिवाळ्यातच हलवायला लागतात. हे काम तुमच्या मार्गदर्शकाचं असलं, तरी परवान्यावर आपलं नाव आहे ना, हे मैदानात उतरण्याआधी स्वतः पाहून घ्या.

जमिनीचं प्रकरण मात्र तुमच्याच गळ्यात पडतं. या पट्ट्यातली बहुतेक जमीन खाजगी आहे आणि तिचे तुकडे 160 एकरांच्या चौकोनांत पाडलेले आहेत. एका अभ्यासक्षेत्रात आठ-दहा मालक सहज निघतात. प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारायचं. पेरणीच्या दिवसांत शेतकरी सकाळी सापडत नाही, तेव्हा संध्याकाळी जा. गाडी कुठे लावू, कुठलं फाटक बंद ठेवू, कोणत्या शेतात पेरणी झाली आहे, हे विचारा. काय सापडलं ते हंगामाच्या शेवटी येऊन सांगा. तुमच्यानंतर येणाऱ्या विद्यार्थ्याला परवानगी मिळणार की नाही, ते तुमच्या वागण्यावर ठरतं. पाऊस पडल्यावर मातीच्या वाटेवर गाडी घालू नका. तिथली चिकणमाती चाकांना धरून बसते, आणि बाहेर पडताना केलेल्या खोल चाकोऱ्या शेतकरी वर्षानुवर्षं विसरत नाही.

पाणी ओळखायला शिका

सगळी तळी सारखी नसतात. 1971 साली स्ट्युअर्ट आणि कँट्रुड या दोघांनी पाणी किती काळ टिकतं आणि मधोमध कोणती वनस्पती उगवते, यावरून त्यांची वर्गवारी केली. ती आजही वापरात आहे. काही खळग्यांत पाणी जेमतेम काही दिवस टिकतं, काहींत काही आठवडे, काहींत उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत, काहींत बहुतेक वर्षभर, आणि काही कधीच आटत नाहीत.

नवख्याला वाटतं, मोठं कायमचं तळं म्हणजे उत्तम तळं. बदकाचं मत वेगळं असतं. उथळ, हंगामी पाणी लवकर तापतं आणि त्यात किडे, अळ्या, गोगलगायी लवकर वाढतात. आटून पुन्हा भरलेल्या तळ्यात कुजलेल्या वनस्पतींतली पोषकद्रव्यं मोकळी होतात, त्यामुळे कोरड्या वर्षांनंतरचं ओलं वर्ष बदकांना फार मानवतं. क्षारांचंही पाहावं लागतं. याच पट्ट्यात काही तळी गोडी आहेत आणि काही समुद्राहून खारी. अगदी लहान पिल्लांना जास्त खारं पाणी सोसत नाही. म्हणून प्रत्येक तळ्याला क्रमांक द्या आणि दर फेरीला पाण्याची खोली, भरलेला भाग आणि क्षारता नोंदवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढे ‘या वर्षी घरटी कमी का?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा याच रकान्यात सापडतं.

जोड्या मोजणं

अमेरिका आणि कॅनडा मिळून 1955 पासून दर वर्षी मे महिन्यात विमानातून बदकांची गणना करतात. 2020 आणि 2021 या महामारीच्या वर्षांत ती झाली नाही. विमान जेमतेम तीस ते पन्नास मीटर उंचीवरून ठरलेल्या रेषांवर उडतं, आणि दोन्ही बाजूंच्या 200 मीटरच्या पट्ट्यातली बदकं व तळी मोजली जातात. वरून सगळी बदकं दिसत नाहीत, हे उघड आहे. म्हणून त्याच पट्ट्याच्या काही तुकड्यांवर दुसरी तुकडी पायी मोजते, आणि दोन्हींच्या गुणोत्तरावरून विमानातला आकडा सुधारला जातो. लहान टील विमानातून जास्त निसटते, मोठा पांढुरका कॅनव्हासबॅक कमी. त्यामुळे ही सुधारणा जातीगणिक वेगळी असते.

तुमच्या अभ्यासक्षेत्रात हे काम तुम्ही पायीच करणार. सकाळी, वारा मंद असताना, एकाच दिशेने तळ्यामागून तळं पाहत जायचं, म्हणजे उडालेलं बदक पुढच्या तळ्यावर उतरून दोनदा मोजलं जाणार नाही. इथली युक्ती एकट्या नराची आहे. मे महिन्यात एखाद्या तळ्यावर मॅलार्डचा नर एकटाच तरंगताना दिसला, तर मादी जवळपास घरट्यावर आहे असं धरून एक जोडी लिहायची. दोन, तीन किंवा चार नर एकत्र असले, तरी तितक्या जोड्या. पाच किंवा जास्त असतील, तर तो नुसता थवा. स्कॉपसारख्या पाणबुड्या बदकांत मात्र नर मुळातच जास्त असतात, म्हणून त्यांच्या एकट्या नराला जोडी धरत नाहीत. मोजायला निघण्याआधी हे नियम पाठ हवेत. मैदानात उभं राहून वाद घालू नये.

घरटी शोधणं

सगळ्यात जास्त वेळ, घाम आणि डासांचे चावे इथे खर्ची पडतात.

मॅलार्ड, गडवॉल, टील, पिनटेल यांची घरटी पाण्यात नसतात, आसपासच्या गवतात असतात, कधी पाण्यापासून चांगलीच लांब. मादी इतकी बेमालूम मिसळते की दोन पावलांवरून निघून जाल. त्यासाठी 1969 साली हिगिन्स आणि सहकाऱ्यांनी साखळीची पद्धत मांडली. दोन गाड्यांच्या मध्ये तीस ते पन्नास मीटरची दोरी किंवा साखळी बांधायची आणि सावकाश गवतावरून ओढत न्यायची. साखळी जवळ आली की मादी उडते. अंड्यांना सहसा इजा होत नाही. गाडी चालवणाऱ्याची नजर रस्त्यावर नको, साखळीवर हवी. मादी उडाली त्या जागी नजर खिळवून ठेवायची आणि दुसऱ्याने चालत जायचं. मादीच्या मागे मान वळवली की जागा गेलीच.

वेळ सकाळी सातपासून दुपारी दोनच्या सुमारापर्यंत. याच वेळात मादी घरट्यावर असण्याची शक्यता जास्त. एकाच शेतात हंगामात तीनेक वेळा, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने फिरायचं, म्हणजे लवकरची आणि उशिराची दोन्ही घरटी हाती लागतात.

कॅनव्हासबॅक, रेडहेड आणि रडी डक यांची घरटी पाण्यावरच, पाणकणसाच्या दाटीत असतात. तिथे साखळी चालत नाही. छातीपर्यंतचे रबरी कपडे घालून बेटामागून बेट पिंजून काढायचं. इथे आणखी एक गंमत आहे. रेडहेडची मादी आपली अंडी सर्रास कॅनव्हासबॅकच्या घरट्यात घालते. त्यामुळे अंडी नुसती मोजू नका, रंगही पाहा. कॅनव्हासबॅकची हिरवट राखाडी, रेडहेडची फिकट मलईसारखी.

घरटं सापडलं की काम झटपट उरका. अंडी मोजा. मादीची जात लिहा, ती उडताना पाहिली असेल तरच. एक-दोन अंडी काळ्या रबरी नळीच्या एका टोकाला लावून दुसऱ्या टोकाने सूर्याकडे पाहा. नुकतंच उबवायला घेतलेलं अंडं आतून स्वच्छ दिसतं. पहिल्या आठवड्यात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसू लागतं, मग आतला भाग काळोखत जातो आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. शेवटी पिल्लाची चोच त्या पोकळीत घुसलेली दिसते. यावरून मादी किती दिवस उबवते आहे ते कळतं.

आता मागे मोजता येतं. मादी रोज एक अंडं घालते आणि साधारण सगळी घालून झाल्यावर उबवायला बसते. 24 मे रोजी नऊ अंड्यांचं, सहा दिवस उबवलेलं मॅलार्डचं घरटं सापडलं, तर पहिलं अंडं सुमारे 15 दिवस आधी, म्हणजे 9 मेच्या आसपास पडलं. पुढचाही हिशेब येतो. मॅलार्डचं उबवणं 26 ते 28 दिवसांचं, तेव्हा पिल्लं जूनच्या मध्याच्या आसपास निघतील.

निघण्यापूर्वी अंडी मादीने अंथरलेल्या मऊ पिसांनी आणि गवताने झाका, जशी ती स्वतः झाकून जाते. वर गवताच्या दोन काड्यांची फुली ठेवा. पुढच्या फेरीला फुली तशीच दिसली, तर मादी परतलेली नाही. खुणेची काठी घरट्याला खेटून रोवू नका. ठरलेल्या दिशेला, ठरलेल्या चार-पाच पावलांवर रोवा आणि सगळ्या घरट्यांना तोच नियम लावा. घरट्यापाशी जाऊन आल्या पावली परतू नका. गवतात तुमची वाट थेट घरट्यापाशी संपली, तर शिकारी प्राण्याला आमंत्रण मिळतं. बाजूने जा, पाहा आणि पुढे निघून जा.

यानंतर दर सात ते दहा दिवसांनी फेरी. जास्त वेळा गेल्याने माहिती सुधारते, पण मादी घरटं सोडण्याचा धोकाही वाढतो. तुमच्या पहिल्या भेटीमुळेच घरटं सोडलं गेलं असेल, तर ते हिशेबातून बाहेर काढायचं, आणि हे प्रामाणिकपणे लिहायचं.

घरट्याचा शेवट वाचणं हे वेगळं कसब आहे. पिल्लं निघाली असतील, तर अंड्यांच्या आतली पातळ त्वचा कवचापासून सुटी होऊन चामड्यासारखी पडलेली मिळते. ती कवचाला चिकटलेली असेल, तर कुणीतरी अंडं खाल्लं आहे. कोणी खाल्लं, हे ठरवण्याचा मोह आवरा. लाल कोल्हा अंडी उचलून नेतो आणि पुरून ठेवतो, स्कंक तिथेच फोडून खातो, बॅजर जमीन उकरतो, रकून पाण्यातल्या घरट्यापर्यंत पोचतो, फ्रँकलिनची खारही अंडी फोडते. पण एकाच्या खुणा दुसऱ्यासारख्या दिसतात, आणि एकाने उद्ध्वस्त केलेल्या घरट्यावर नंतर दुसराही येऊन जातो. खात्री हवी असेल तर कॅमेरा लावा. नाहीतर ‘शिकारी, अज्ञात’ असं लिहा. तो शेरा पूर्ण शास्त्रीय आहे.

यातूनच निघालेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जिथे कायोटी (लांडग्याच्या कुळातला, लाल कोल्ह्याहून मोठा प्राणी) आहेत, तिथे बदकांची घरटी जास्त टिकतात. कायोटी लाल कोल्ह्याला आपल्या हद्दीत थारा देत नाही, शिवाय त्याची हद्द मोठी असल्याने एकूण शिकारी कमी होतात. मोठा शिकारी घालवला की बदकांचं भलं होईल, हा सरळ वाटणारा तर्क इथे उताणा पडतो.

60 टक्के की 17?

आता तो हिशेब, जो समजला नाही तर बाकीचं सगळं वाया.

समजा, तुम्हाला 20 घरटी सापडली. त्यांतल्या 12 मधून पिल्लं निघाली, 8 बुडाली. यश 60 टक्के? नाही. जी घरटी अंडी घालतानाच तिसऱ्या दिवशी कोल्ह्याने संपवली, ती तुम्हाला सापडलीच नाहीत. सापडली ती बऱ्याच अंशी आधीच टिकलेली होती.

हा घोटाळा 1961 साली हॅरल्ड मेफिल्ड यांनी सोडवला, तोही बदकांवर नाही, कर्टलंड्स वॉर्बलर या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यांवर. हा माणूस पेशाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हता, हौशी होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरटी मोजू नका, तुमच्या नजरेखाली घरट्यांनी काढलेले दिवस मोजा. वरच्या उदाहरणात यशस्वी 12 घरटी सरासरी 10 दिवस तुमच्या पाहण्यात होती आणि बुडालेली 8 सरासरी 5 दिवस, असं धरू. एकूण 120 अधिक 40, म्हणजे 160 घरटं-दिवस. त्यांत 8 बुडाली. रोज बुडण्याची शक्यता 8 भागिले 160, म्हणजे 5 टक्के, आणि रोज टिकण्याची 95 टक्के. मॅलार्डचं घरटं पहिल्या अंड्यापासून पिल्लं निघेपर्यंत साधारण 35 दिवस टिकावं लागतं. 0.95 ला 35 वेळा गुणा. उत्तर येतं 0.17 च्या आसपास. खरं यश 60 नाही, 17 टक्के.

नॉर्थ डकोटातल्या संशोधनावरून मॅलार्डची संख्या टिकायला सुमारे 15 टक्के घरटी यशस्वी व्हावी लागतात असं मानतात. म्हणजे वरच्या शेतात बदकं कशीबशी तग धरून आहेत. ‘60 टक्के, फारच छान’ असं लिहिणाऱ्याने त्या शेतासाठी काहीच केलं नसतं. रोजचं टिकणं 95 वरून 97 टक्क्यांवर गेलं, तर यश 34 टक्के होतं, म्हणजे दुप्पट. इतक्या लहान फरकासाठी गवत राखलं जातं.

बुडालेलं घरटं नेमकं कधी बुडालं हे माहीत नसतं, म्हणून दोन भेटींच्या मधला दिवस धरतात. आज संगणकावर याहून चांगल्या पद्धती आहेत. गवताची उंची, तारीख, घरट्याचं वय यांचा परिणामही त्यांत पाहता येतो. तरी पहिल्या हंगामात हा हिशेब एकदा कागदावर हाताने करा. मग संगणकाने चुकीचं उत्तर दिलं तर ते खटकेल.

पिल्लांच्या मागावर

पिल्लं निघाली की मादी त्यांना चालवत पाण्याकडे नेते आणि तिथून पुढे त्यांचा माग ठेवणं अवघड होतं. पहिल्या दोन आठवड्यांत मरणारी पिल्लंच सर्वांत जास्त. वय ओळखायला गोलॉप आणि मार्शल यांनी 1954 मध्ये दिलेली पायरी वापरतात. पहिल्या वर्गात नुसती लव, दुसऱ्यात लव आणि पिसं मिसळलेली, तिसऱ्यात पूर्ण पिसं पण उडता न येणारी. पहिल्या दोन वर्गांचे तीन-तीन पोटवर्ग. पहाटे किंवा संध्याकाळी, दुर्बीण तिपाईवर लावून, एका तळ्यावर बराच वेळ बसा. पिल्लं पाणकणसाच्या आड असतात आणि दोन मिनिटांत मोजून निघालेल्याला ती दिसतच नाहीत. अलीकडे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन वापरून पहाटे पिल्लं मोजतात. गार पाण्यावर ती उजळ ठिपक्यांसारखी उठून दिसतात.

खाद्य: कुठल्या पोटातलं?

जुन्या नोंदी वाचल्या तर बदकं बियाच खातात असं वाटेल. त्या नोंदी गिझर्ड, म्हणजे खड्यांनी अन्न भरडणारं पोट, तपासून केलेल्या होत्या. 1970 मध्ये स्वॉन्सन आणि बार्टोनेक यांनी ब्लू-विंग्ड टीलवर दाखवून दिलं की अळ्या-किड्यांसारखं मऊ अन्न गिझर्डमध्ये काही मिनिटांत विरघळतं आणि टणक बी रेंगाळत राहतं. त्यामुळे खाद्य पाहायचं तर अन्ननलिकेतलं, तेही चरत असल्याचं डोळ्यांनी पाहिलेल्या पक्ष्याचं, आणि पक्षी हाती येताच त्यावर संरक्षक द्रव सोडून पचन थांबवायचं.

असं पाहिल्यावर चित्रच उलटलं. अंडी घालण्याच्या दिवसांत मॅलार्ड आणि पिनटेल माद्यांच्या खाण्यात सुमारे तीन-चतुर्थांश भाग प्राणिज निघाला: कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या, गोगलगायी, फेअरी श्रिंप, गांडुळं. टीलमध्ये तर त्याहून जास्त. अंड्याला प्रथिनं लागतात आणि ती मादीला तिथल्या तळ्यातून रोज मिळवावी लागतात. चरबी मात्र ती बरीचशी अंगावर घेऊनच येते. म्हणून दक्षिणेत हिवाळा कसा गेला, याचा परिणाम उत्तरेतल्या घरट्यावर होतो.

या पद्धतीत पक्षी मारावा लागतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच्या संशोधनात आहे, त्यासाठी पुन्हा पक्षी मारू नये. आज विष्ठेतल्या डीएनएवरून काय खाल्लं ते ओळखता येतं, फक्त किती खाल्लं ते त्यावरून नीट कळत नाही. पीस किंवा रक्त यांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंवरून) पक्षी मका खात होता की पाणथळीतलं, आणि अन्नसाखळीत कोणत्या पायरीवरचं खात होता, हे साधारण समजतं.

पद्धत कोणतीही असो, खाण्यासोबत उपलब्धताही मोजा. त्याच जागी, त्याच वेळी जाळीने पाण्यातले जीव गोळा करा. पोटात गोगलगायी जास्त मिळाल्या, याचा अर्थ बदकाने त्या निवडल्या की तळ्यात दुसरं काही नव्हतंच, हे याशिवाय सांगता येत नाही.

कड्या, ट्रान्समीटर आणि पिसं

अमेरिकेची कड्यांची प्रयोगशाळा 1920 मध्ये सुरू झाली. तिथे काम करणाऱ्या फ्रेडरिक लिंकन यांनी परत आलेल्या कड्यांवरून अटलांटिक, मिसिसिपी, मध्य आणि पॅसिफिक असे चार उड्डाणमार्ग मांडले. शिकारीचे नियम आजही त्यांनुसार ठरतात.

बदकांना कड्या मुख्यतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शिकारीचा हंगाम उघडण्याआधी घालतात. उथळ पाण्यात तारेचा पिंजरा, तोंडाशी निमुळतं दार, आत धान्य. बदक पोहत आत येतं आणि बाहेरची वाट त्याला सापडत नाही. पिंजरा रोज, शक्यतो सकाळीच रिकामा करायचा, नाहीतर मिंक आत शिरून कत्तल करतं. वय ओळखायला शेपटीचं पीस पाहा. यंदाच्या पिल्लाच्या पिसाच्या टोकाला खाच असते. नर-मादी पंखावरून आणि गुदद्वार तपासून ठरवतात. कडीचा क्रमांक एकाने वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा आणि परत वाचून दाखवायचा. हातमोजे आणि निर्जंतुकीकरण सक्तीचं, कारण 2021 अखेरपासून एच5एन1 बर्ड फ्लू या खंडातल्या रानपक्ष्यांत पसरलेला आहे.

समजा 500 मॅलार्डना कड्या घातल्या आणि पहिल्या हंगामात 30 कळवल्या गेल्या, म्हणजे 6 टक्के. शिकाऱ्यांपैकी 75 टक्केच कळवत असतील, तर खरी शिकार 8 टक्के. कळवण्याचं प्रमाण काढायला काही कड्यांवर बक्षिसाची रक्कम छापतात. रक्कम पुरेशी मोठी असली की जवळपास सगळे कळवतात, आणि साध्या कड्यांशी तुलना करता येते. नकाशा पाहतानाही हे ध्यानात ठेवा. ठिपके दाट म्हणजे तिथे शिकारी दाट. जिथे शिकार नाही, तिथून बदक उडून गेलं तरी ठिपका पडत नाही.

ही उणीव पक्ष्याच्या अंगावर बसवलेला, त्याचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर भरून काढतो, पण त्याचं वजन असतं. पक्ष्याच्या वजनाच्या 3 टक्क्यांच्या आत राहा. किलोभराच्या मॅलार्ड मादीला 30 ग्रॅम चालतील, 400 ग्रॅमहून हलक्या टीलला 12 ग्रॅमही जड. पाणबुड्या बदकांना पाठीवरचा पट्टा फार त्रासदायक ठरतो, हे अनेकदा दिसलं आहे. उपकरण स्वस्तात मिळालं म्हणून ते बसवू नका.

तिसरा मार्ग पिसातल्या हायड्रोजनचा. पावसाच्या पाण्यातल्या जड हायड्रोजनचं प्रमाण खंडभर ठरावीक क्रमाने बदलतं आणि पीस वाढताना ते त्यात नोंदलं जातं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लुइझियानात मिळालेल्या पिल्लाच्या पिसावरून ते साधारण कोणत्या अक्षांशावर जन्मलं ते सांगता येतं. प्रौढ बदकाचं पीस मात्र ते जिथे पिसं झाडून काही आठवडे उडता न येता बसलं होतं, तिथलं असतं. ती जागा घरट्यापासून शेकडो किलोमीटर दूर असू शकते.

महाराष्ट्रात यातलं काय चालेल

थापट्या, तलवार बदक आणि गडवॉल या जाती तिकडेही आहेत आणि हिवाळ्यात भिगवणला, जायकवाडीला, नांदूर मध्यमेश्वरलाही येतात, फक्त आपल्याकडचे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येतात. त्यांची घरटी आपल्याला इथे दिसणार नाहीत. पण तळ्याला क्रमांक देणं, पाण्याची पातळी लिहिणं, ठरलेल्या जागेवरून ठरलेल्या वेळी मोजणं हे जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत जसंच्या तसं उपयोगी पडतं. मोजणाऱ्या दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजलं, तर किती पक्षी निसटतात तेही कळतं. पायात कडी दिसली तर क्रमांकाचा आणि कडीच्या रंगाचा फोटो काढा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा.

घरट्यांचा हिशेब करायचा असेल, तर आपल्याकडे हळदी-कुंकू बदक आहे. ते इथेच, पावसाळ्यात, पाण्याजवळच्या गवतात घरटं करतं. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे वन विभागाची परवानगी आधी घ्या. साखळी ओढू नका, आपल्या गवताच्या पट्ट्यांत पायी शोध पुरतो. पहिल्या भेटीची तारीख, अंड्यांची संख्या, प्रत्येक फेरीची तारीख आणि शेवट, एवढे चार रकाने न चुकता भरा. घरटं-दिवसांचा हिशेब त्यावर होतो. फेरीला गेलात आणि काही बदल नसला, तरी ती फेरी लिहा. न लिहिलेला दिवस मेफिल्डच्या गणितात मोजला जात नाही.